येळवशीची हाक

गेल्या श्रावणाच्या शेवटी मी देवीशी अबोला धरला. ऐकायला पोरकट वाटेल, पण साठी उलटलेल्या, बालवाडीतून निवृत्त झालेल्या बाईने केलेली ही गोष्ट आहे आणि ती खरी आहे. त्याआधी उन्हाळ्यात यांना, म्हणजे माझ्या मिस्टरांना, अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात लुळा पडला. पाय काठीच्या आधाराने हळूहळू चालू लागला, पण वाचा गेली ती गेलीच. माणूस कोण, तर एसटीतला कंडक्टर. उभी नोकरी नांदेड-लातूर गाडीवर काढलेली. स्टँडावर यांनी "अहमदपूर, चाकूर, लातूर" असं पुकारलं की रसवंतीत बसलेला माणूस अर्धा ग्लास टाकून पळत यायचा. घरीसुद्धा यांना हळू बोलणं ठाऊक नव्हतं. "अहो, हळू बोला, शेजारी ऐकतात," हे वाक्य मी जन्मभर म्हणत आले. आणि आता घरात अशी शांतता, की फ्रिज घरघरला तरी मी दचकायची.

डॉक्टर म्हणाले, यांना सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत, धीर धरा. धीर धरणं माझ्या स्वभावात नाही. मी जुने चित्रांचे तक्ते काढले आणि यांना समोर बसवून "क कमळाचा"पासून सुरुवात केली. हे तोंड उघडायचे, गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या, डोळ्यांत पाणी यायचं आणि शेवटी तोंड भिंतीकडे वळवायचे. मी तक्ता भिंतीच्या बाजूला नेऊन धरायची. माहूरच्या रेणुकामातेला नवस बोलले, मंगळवार धरले, साडीचोळी कबूल केली. देवीलाही मी टाइमटेबल लावून दिलं होतं: आषाढात एखादा शब्द, श्रावणात माझी हाक. लेक झाल्यापासून हे मला "वर्षाची आई" म्हणत आले. तेवढंच मला हवं होतं. श्रावण सरला आणि हाक काही आली नाही. मग मी दिवा लावायचा म्हणून लावत राहिले, पण देवीशी एक अक्षर बोलले नाही. म्हटलं, घरात एक जण गप्प आहे, त्यात आणखी एकीची भर.

माझी लेक वर्षा आणि जावई संदीप नांदेडातच राहतात. थंडी पडली तशी संदीपच्या डोक्यात कॅम्पिंग शिरलं. आजकालची मुलं मोबाइलमध्ये तोंड खुपसून असतात, त्यांना उघड्यावर नेलं पाहिजे, आणि शहरापासून गाडीने दीड-दोन तासांत जाता येईल अशी जागा हवी. विष्णुपुरीचं नाव निघालं, तर माझी नात स्वरा म्हणाली, "तिथं तर आपण भेळ खायला जातो!" सहस्रकुंडाच्या धबधब्याला पावसाळ्यानंतर पाणी बारीक होतं. शेवटी अहमदपूरच्या पुढे, हमरस्त्यापासून थोडं आत, एक तळं त्याने शोधून काढलं. काठावर महादेवाचं देऊळ, नळ आणि स्वच्छ संडास; लेकराबाळांना आणि आजारी माणसाला आणखी काय लागतं? दिवस मात्र त्याने नेमका अमावस्येच्या तोंडाचा धरला, का तर चांदण्या चांगल्या दिसतात. मी म्हटलं, चांगलं घर सोडून थंडीत जमिनीवर झोपायचं, तेही अमावस्येला, आणि ह्याला सुट्टी म्हणायचं! मी नाहीच म्हणणार होते. पण अहमदपूर हे नाव कानावर पडलं आणि माझ्या मनाने उचल खाल्ली. हा तर यांचा रस्ता. ह्या रस्त्यावर हजारदा पुकारलेली गावं दिसली, तर शब्द आपोआप बाहेर पडतील. मी लगेच स्वेटर भरायला घेतले.

गाडीत यांना पुढच्या सीटवर बसवलं. लोहा आलं. मी मागून विचारलं, "हे कोणतं गाव हो?" हे पाटीकडे बघत राहिले. माळाकोळी आली. "आता पुढचा स्टॉप कोणता?" यांचे ओठ हलले, हनुवटी थरथरली आणि हवा बाहेर पडली, बाकी काही नाही. अहमदपूरच्या स्टँडासमोर तर मी गाडी थांबवायला लावली. तिथे एक कंडक्टर दारात उभा राहून गावं पुकारत होता. यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. वर्षा हळूच म्हणाली, "आई, पुरे आता." मी संदीपला गाडी पुढे घ्यायला सांगितलं. माझा शेवटचा उपायही वाया गेला होता, आणि आता रिकाम्या हाताने एका तळ्याकाठी रात्र काढायची होती.

पण जागा खरंच देखणी निघाली, रागात असूनही मला ती आवडली. तळ्यात बगळे उभे होते. काठाने डोक्याच्या वर गेलेली टाळकी ज्वारी, मधे हरभरा, करडई, आणि एका बांधावर जुनं कडुलिंबाचं झाड. त्या झाडाखाली कडब्याची एक छोटी खोप होती, नवीकोरी, आणि आसपास माणूस नाही. संदीपने तिच्या आडोशालाच तंबू उभारला. तो तंबू आधी दोनदा बसला, तिसऱ्यांदा उभा राहिला, आणि स्वराने टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी आम्ही शेगडीवर पिठलं केलं. दव पडेल म्हणून मी सगळ्यांच्या चपला-बूट त्या कडब्याच्या खोपीत नीट ओळीने लावून ठेवले. मी नीटनेटकी आहे. मग चांदण्या निघाल्या, आणि इतक्या निघाल्या की स्वरा मोजायचं सोडून आजोबांच्या मांडीवर डोकं ठेवून नुसती बघत बसली. हे डाव्या हाताने तिच्या केसांतून बोटं फिरवत होते. त्या घटकेला मी काही मागितलं नाही. कंटाळले होते म्हणा.

सकाळी जाग आली ती माणसांच्या आवाजाने. तंबूची चेन उघडून बघते, तर जत्रा! काल जिथे चिटपाखरू नव्हतं, तिथे ट्रॅक्टर, बैलगाड्या, मोटारसायकली, लातूरहून आलेल्या गाड्या. बाया नवी लुगडी, साड्या नेसून डोक्यावर पाट्या घेऊन बांधाने चाललेल्या, पोरं पुढे पळणारी, प्रत्येक रानात एक कडब्याची खोप आणि तिच्याभोवती कुटुंबच्या कुटुंब. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ही येळवस! दर्शवेळा अमावस्या. ह्या दिवशी लातूरकडची माणसं घरंदारं बंद करून शेतात जेवायला जातात. माझं माहेर किनवटकडचं, आमच्यात हा सण नाही. यांचं गाव निलंग्याकडचं, पण शेती आमच्या लग्नाआधीच गेली होती, म्हणून येळवस मी फक्त यांच्या तोंडून ऐकलेली. आम्ही मोठा पराक्रम केल्यासारखा एक तंबू घेऊन आलो होतो, आणि इथे सबंध जिल्हाच रानात उतरला होता.

आणि मग आमच्याच दिशेने एक म्हातारी आली. मागे लेक, सून, नातवंडं आणि डोक्यावरच्या पाट्या. रान त्यांचं होतं, लिंब त्यांचं होतं, खोपही त्यांचीच होती. त्यात पाच पांडव मांडून पूजा करायची असते, हे मला तेव्हा आठवलं, आणि आत काय, तर आमचे बूट! जन्मभर देवदेव करणाऱ्या बाईने देवाच्या जागी चपला लावून ठेवल्या होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात जोडून काहीबाही बोलू लागले. म्हातारीने आत डोकावून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"पायताणं तेवढी काढा बाई. देव काय पळून चालला न्हाई." मग तिने आमच्या तंबूला एक चक्कर मारली, कापड चाचपून पाहिलं. "तुमी बी खोप केलीया की! लई झ्याक हाय." आणि तिने तंबूच्या दाराला हळद-कुंकू लावलं. तिचं नाव अनुसयाबाई. तिने आम्हाला जेवायचं विचारलंच नाही. येळवशीला रानात दिसलेला माणूस जेवल्याशिवाय जात नसतो, त्यात विचारायचं काय? सुनेने जागा झाडली, काव आणि चुना लावलेले पाच दगड मांडले. पाट्यांवरची फडकी निघाली. सगळ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, भाकरी आणि मडकंभर ताकातली आंबील.

पूजा झाली. आता पिकावर आंबील शिंपडायची होती. अनुसयाबाईंनी यांच्याकडे पाहून विचारलं, "दादा कुठल्या गावचे?" उत्तर अर्थातच मी दिलं, "निलंग्याकडचे."

"मंग यास्नी ठावं हाय समदं. आमचा म्हातारा यंदा पुन्याला हाय, गुडघ्याचं आपरेशन झालंय त्याचं. आमच्यात थोरल्या मानसानं शिंपायचं अस्तंय. दादा, उठा."

मी घाईने पुढे झाले. "अहो मावशी, त्यांना बोलता येत नाही. झटका आलाय."

म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी बालवाडीतली पोर झाले. "मी कुटं बोला म्हनून राहिले? शिंपा म्हन्ले."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा यांना कुणीतरी बोलण्याखेरीज दुसरं काम सांगत होतं. हे काठी टेकून उठले. अनुसयाबाईंच्या लेकाने आंबिलीचं भांडं धरलं, यांच्या डाव्या हातात ज्वारीच्या पानांची जुडी दिली, स्वरा पुढे निघाली आणि सगळे ज्वारीत शिरले. उंच ताटांत माणसं दिसेनाशी झाली. मीही जाणार होते, पण म्हातारीने मला हाताला धरून खाली बसवलं आणि भाकऱ्या मोडायला दिल्या. ज्वारीतून आरोळी येऊ लागली. लेक म्हणायचा, "ओलगे ओलगे," आणि पोरं म्हणायची, "सालम पलगे!" मी अनुसयाबाईंना विचारलं, ह्याचा अर्थ काय? त्या म्हणाल्या, "कुनाला ठावं. रान ऐकतंय की."

मी भाकरी मोडत राहिले. थोड्या वेळाने पलीकडच्या कोपऱ्यातून एक मोठा आवाज आला, "ओलगे ओलगे!" मला वाटलं, शेजारच्या रानातला कुणी असेल. आवाज पुन्हा आला. घोगरा, पण भरदार, थेट स्टँडावरचा. वर्षा ताडकन उभी राहिली. "आई... बाबा!" माझ्या हातातली भाकरी मातीत पडली. तिथेच बसून मी ऐकत राहिले. हे ज्वारीच्या कडेकडेने सबंध रान फिरले आणि प्रत्येक कोपऱ्यातून ती हाक येत राहिली, आणि मी पदर तोंडात कोंबून रडत होते.

ज्वारीतून बाहेर आले तेव्हा यांच्या मिशीला आंबील लागली होती आणि तोंडभर हसू होतं. मी कसली सुधारणार! डोळे पुसले आणि लगेच म्हटलं, "अहो, आता म्हणा, वर्षाची आई." हे थांबले. हनुवटी थरथरली. मला माझीच जीभ तोडावीशी वाटली. पण ह्या वेळी यांनी तोंड फिरवलं नाही. सरळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ओलगे ओलगे!"

अनुसयाबाईंनी मला कोपराने ढोसलं. "मालक हाक मारून राहिले, ओ द्या की!" मी ओ दिली. "सालम पलगे!" आणि सगळं रान हसलं. हे तर इतके हसले, की काठी हातातून सुटली.

नांदेडला आल्यावर डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, लहानपणी पाठ झालेल्या आरोळ्या, आरत्या कधीकधी मेंदूत वेगळ्या जागी टिकून राहतात, आता त्यावरून पुढे जाऊ. असेल तसं. मी वाद घालत नाही. पण त्या दिवशी, त्याच लिंबाखाली, त्याच म्हातारीच्या रानात आम्हाला कुणी नेऊन बसवलं, हे त्यांच्या शास्त्रात नाही. येळवशीच्या दुसऱ्याच दिवशी मी देवीशी अबोला सोडला. तक्ते माळ्यावर टाकले. माहूरला साडीचोळी देऊन आले, मागितलेली हाक आली नसली तरी. मी आपल्या शब्दांत मागत होते, तिने तिच्या शब्दांत दिलं. त्यात पुन्हा माझ्या मनासारखं हवं म्हणून हटून बसणारी मी कोण? आता दिव्यासमोर मी यादी वाचत नाही. हात जोडते आणि गप्प राहते. मला गप्प राहता येतं हे पाहून वर्षाला अजून नवल वाटतं.

पुढच्या येळवशीचं आमंत्रण अनुसयाबाईंनी तेव्हाच दिलं आहे, आणि तंबू आणायचा असं बजावलंही आहे. अधूनमधून यांचा एखादा नवा शब्द येतो. "पाणी" आलं, "स्वरा" आलं. बाकी सगळ्याला ती एकच हाक. चहा हवा, चष्मा सापडत नाही, किंवा उगीचच, मी घरात आहे ना एवढं बघायला, गॅलरीतून आवाज येतो, "ओलगे ओलगे!" मी पिठाचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघरातून ओरडते, "सालम पलगे!" शेजारी ऐकतात. ऐकू देत.