जावाजावांच्या डोंगरामागची वाट

श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात धर्माजी तांडेलाला वाट सांगायची कुणाची छाती नव्हती. वाट विचारायला मात्र सगळे त्याच्याकडेच यायचे. दर्यावर असताना हा माणूस पाण्याकडे कमी आणि किनाऱ्यामागच्या डोंगरांकडे जास्त बघायचा. कुठलं शिखर कुठल्या माडामागे आलं की खाली खडक, कुठली खिंड देवळाच्या कळसावर आली की जाळं टाकायचं, हे त्याला बापानं शिकवलेलं. घरात मिठाचं मडकं कुठं आहे ते विचाराल तर हा डोकं खाजवणार, बायको कोकिळा त्यावरून बोलायचीही. पण डोंगर तोंडपाठ. नबाबाच्या मुलखात होडी चालवणारा असा तांडेल दुसरा नाही असं लोक म्हणायचे, आणि तोही ते खुशाल ऐकून घ्यायचा.

असल्या माणसानं मुंबईहून आगबोटीनं जुनी सायकल मागवली तेव्हा कोळीवाडा हसून हसून लोळला. तांडेल आता सायकलला शीड लावणार म्हणून बायकांनी बाजार डोक्यावर घेतला. पण सायकल त्याच्यासाठी नव्हती, धाकट्या भावासाठी, कान्हासाठी होती. ती का, हे धर्माजीनं कुणाला सांगितलं नाही. कोकिळेलाही नाही.

झालं होतं असं, की आदल्या हिवाळ्यात एका सकाळी होडी परत येताना धुकं दाटलं. धर्माजीनं सुकाणू कान्हाच्या हाती दिलं आणि स्वतः होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, जाऊन उभा राहिला. बाकीचे शीड उतरवण्यात गुंतलेले. धुक्यातून एक माड दिसला, धर्माजीला वाटलं आपल्या खुणेचा तोच, आणि त्यानं हात केला: आत घे. माड भलताच होता. होडी खडकावर गेली, जाळी गेली, आणि भागोजी म्हणून त्यांचा जुना जोडीदार होता त्याचा हात फळीखाली चेंगरून कायमचा अधू झाला. किनाऱ्याला लागल्यावर सगळे तुटून पडले ते सुकाणू धरणाऱ्यावर. तांडेलानं केलेला हात कान्हाखेरीज कुणी पाहिलाच नव्हता. कान्हानं भावाकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. धर्माजी मूग गिळून बसला. भागोजीनं सांगून टाकलं की कान्हा होडीत असेल तर आम्ही चढणार नाही, आणि धर्माजीनं तेही मान्य केलं.

तेव्हापासून कान्हा किनाऱ्यावर, बायकांबरोबर बोंबील वाळत घालायला. चांगला धडधाकट गडी, आणि पोरंटोरं त्याला 'कान्हाबाई' म्हणायची. धर्माजी ते ऐकायचा. रोज ठरवायचा, आज सांगतो. रोज होडीवर सगळे 'तांडेल, तांडेल' करायचे आणि सांगायचं राहून जायचं.

म्हणून ही सायकल. डोंगरापलीकडे म्हसळ्याच्या बाजारात ताज्या मासळीला लोक तोंड वासून बसलेले असतात. डोक्यावरून न्यायची तर ऊन चढतं आणि मासळी नरमते. सायकलवर कान्हा भल्या सकाळी घाट चढून बाजार गाठील, आपला धंदा करील, ताठ मानेनं राहील. पण आल्या वाटेनं परत यायचं तर त्याच गावांतून, आणि त्यांनी सकाळीच मासळी घेतलेली असणार. त्यापेक्षा म्हसळ्याहून रानातून पलीकडे बोर्लीला उतरायचं, वाटेत सुकी मासळी खपवायची, आणि समुद्राकाठानं दिवेआगरवरून घरी. असा पुरा फेरा धर्माजीनं मनात बांधला आणि त्याला इतकं बरं वाटलं, की त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

कान्हा ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर सायकल शिकत होता तोवर धर्माजीनं अंगणात शिंपा मांडून सगळी वाट आखली. ही शिंप घाट, ही बाजार. आणि ह्या दोन जावाजावा. समुद्रावरून दोन डोंगर एकमेकाला खेटून उभे दिसतात, त्यांना कोळी जावाजावा म्हणायचे. दोघींच्या मध्ये चिंचोळी खिंड दिसते. धर्माजीनं ती हजारदा पाहिलेली. तो म्हणाला, म्हसळ्याहून ही खिंड चढलास की पलीकडे बोर्लीपर्यंत उतारच, पाय मारायचं काम न्हाय. कोकिळेनं सुचवून पाहिलं, की त्या बाजूचे कुणबी भात घेऊन येतात, त्यांना एकदा विचारा तरी. तर हा तिच्यावरच उखडला. डोंगर काय आता तू मला शिकवणार?

कान्हा एका सकाळी निघाला. कॅरियरवर ओली मासळी, हँडलला सुकी. सबंध कोळीवाडा बघायला आलेला. संध्याकाळी त्याची वाट बघत धर्माजी दिवेआगरच्या रस्त्यावर जाऊन बसला. दिवस बुडाला, कान्हा आला नाही.

उजाडताच धर्माजी घाटाला लागला. त्या रानात तेव्हा वाघरं होती, आणि नको नको ते मनात येत होतं. चढ असा की पाण्यावरच्या माणसाच्या पोटऱ्या भरून आल्या. घाटमाथ्याच्या वळणावर झाडी जराशी मोकळी झाली, त्यानं मान वर केली. जावाजावा शेजारी नव्हत्याच. एक इथं, एक तिथं दूर, आणि मध्ये दरी, दरीत किर्र रान, रानात आणखी एक डोंगर, जो समुद्रावरून ह्या जन्मात दिसला नसता.  भावाला त्यानं दुसऱ्यांदा खडकावर घातलं होतं.

म्हसळ्याकडून एक बैलगाडी येताना दिसली. गाडीत वाकड्या चाकाची सायकल, आणि सायकलशेजारी गुडघ्याला फडकं बांधलेला कान्हा. खिंड समजून तो चढला, तर पलीकडच्या उतारावर वाटच संपली, तो सायकलसकट ओढ्यात कोसळला, दरीतल्या ह्या शेतकऱ्यानं रात्री घरी ठेवून घेतलं होतं.  धर्माजी गाडीमागून चालत राहिला.

कोळीवाड्यात गर्दी जमली. काय झालं, कुठं पडलास, तांडेलानं सांगितलेली वाट सोडलीस काय? कान्हा म्हणाला, "वाट दादानं सांगितली तशीच व्हती. मीच चुकलो."

धर्माजीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. तो पुढं झाला आणि म्हणाला की नाही, वाट मीच चुकीची सांगितली, समुद्रावरून दिसतं तसं तिथं काही नाही.  मग भागोजी खो खो हसला. म्हणाला, तांडेल, पाण्यावरचं तुमचं खरं, जमिनीवरचं सोडा! सगळे हसले. कुणी पाठीवर थाप मारली. किती सहज माफ केलं लोकांनी! आणि गुडघ्यावर हळद दाबून धरलेला कान्हाही त्यांच्याबरोबर हसत होता. तेवढं मात्र धर्माजीला सोसवेना.

"पाण्यावरचंबी खरं न्हाय," तो म्हणाला. "त्या दिवशी धुक्यात हात मी केला व्हता. कान्हा माझ्या हातापरमानं वळला."

हसणं थांबलं. भागोजीनं आपल्या अधू हाताकडे पाहिलं, मग धर्माजीकडे.  कान्हाला उद्यापासून होडीवर घ्या, एवढंच बोलला आणि निघून गेला. हळूहळू बाकीचेही पांगले.

धर्माजी भावाजवळ बसला. सुकाणू तुझंच, म्हणाला. कान्हानं मान हलवली.

"मी न्हाय येत, दादा. चाक सरळ झालं का म्हसळ्याला जातो. खरी वाट कुठनं जाते, ती गाडीवाल्यानं सांगितलीय मला."

आणि तो गेला. डोंगरांना लांबून वळसा घालून जाणारी वाट त्यानं धरली, पुरा फेरा मारला, आणि पुढं कितीतरी वर्षं मारत राहिला. धर्माजी तांडेलच राहिला, पण नाळेवरून त्यानं हात केला की भागोजी आधी स्वतः किनाऱ्याकडे बघून घ्यायचा, आणि धर्माजी त्याचं बघून होईपर्यंत गुमान थांबायचा. जावाजावा समुद्रावरून अजून खेटूनच दिसायच्या. तिकडे नजर गेली की त्याला मधली दरी आठवायची.

संध्याकाळी दिवेआगरच्या रस्त्यावर घंटी वाजली की तो पुढं होऊन पाट्या उतरवून घ्यायचा. कान्हा हसायचा, आज काय लागलं जाळ्याला ते विचारायचा, वहिनीसाठी आणलेली भाजी हातात द्यायचा. वाट तेवढी त्यानं दादाला पुन्हा कधी विचारली नाही.