पाटावरून डांबरीवर

आमच्या शिवारात बिबट्या आला आणि माझी मुलगी डांबरी रस्त्यावर पळायला लागली. त्याआधी ती पाटाच्या कडेने पळायची. कालव्याला आमच्याकडे पाट म्हणतात. त्याच्या भरावावरून एक कच्ची वाट जाते, दोन्ही अंगाला ऊस, आणि भल्या सकाळी तिथे पिकाला पाणी द्यायला निघालेला एखादा माणूस सोडला तर कुणी नसतं. माती मऊ, त्यामुळे गुडघे दुखत नाहीत असं ती म्हणायची. पोलीस भरतीत उतरायचं तिने बारावीतच ठरवलं होतं. लेखी परीक्षेची तिला भीती नव्हती, पण आठशे मीटरला थोडक्यात मार्क जायचे. मागच्या भरतीत त्यामुळेच तिचं नाव लागलं नाही. तेव्हा ती नीट जेवली नाही, कुणाशी बोलली नाही, आणि मग एका सकाळी बूट घालून पुन्हा पाटावर गेली. मला त्या दिवशी तिचं फार कौतुक वाटलं होतं.

मी शिलाईकाम करते. कोल्हारच्या अलीकडे नगर-मनमाड रस्त्याला लागून आमचं घर आहे आणि पुढच्या खोलीत माझं मशीन. जिल्ह्याचं नाव बदललं तरी रस्ता आमच्या तोंडी नगर-मनमाडच आहे. माझे मिस्टर टेम्पोवर ड्रायव्हर आहेत. दुपार कलली की भाजीपाला भरून वाशीच्या मार्केटला जातात आणि सकाळी रिकामी गाडी घेऊन येतात, जेवतात आणि झोपतात. घरात आम्ही तिघंच.

बिबट्याने आधी एका वस्तीवरचं कुत्रं नेलं, मग कालवड. मारुतीच्या पारावर बैठक बसली. माझे थोरले दीर पुढे होते. ते कुठल्याही बैठकीत पुढेच असतात, मग विषय कुठलाही असो.

"पोरींनी पाटाला जायाचं बंद करा," ते म्हणाले. "डांबरीवर पळा की. चार मान्सं येत्यात-जात्यात, उजेड आसतो, कुनाच्या तरी नजरंत ऱ्हाता."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. त्या रस्त्यावर काय येतं-जातं हे पारावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कुणाचा भाऊ, कुणाचा मेहुणा, कुणाची सून त्या रस्त्याने आडवी पाडलेली होती. पण बिबट्या तो बिबट्या. त्याचं नाव निघालं की अंगावर काटा येतो, आणि गाडीचं नाव निघालं की लोक विचारतात, ॲव्हरेज किती देते? वन खात्याने पिंजरा लावला, त्यात शेळी बांधली. शेळी रोजचा पाला खाऊन चांगली गुटगुटीत झाली. पुढे एक बिबट्या सापडलाही, पोरांनी फटाके वाजवले, सगळ्यांनी पिंजऱ्याबरोबर फोटो काढले. थोड्याच दिवसांत पाटावर पुन्हा ठसे दिसले. उसात एकटा बिबट्या कधी नसतोच, असं मग सगळेच म्हणायला लागले. आधी कुणी म्हटलं नव्हतं.

शाळेचं मैदान होतं. पण कंपाउंड झाल्यापासून त्याला कुलूप असतं, किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई शाळा भरायच्या वेळेला बसने येतो. मी सरपंचांकडे गेले. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि ठराव घेऊ म्हणाले. ठराव अजून घेतायत.

तर असा आमच्या वाट्याला तो रस्ता आला. घरातून तो मी रोज बघत होते, पण मुलगी त्याच्यावर पळायला लागल्यावर मला तो पहिल्यांदा दिसला म्हणा ना. पहाटे दुधाचे टँकर, शिर्डीला निघालेल्या गाड्या, रात्रभर चालवून डोळे लाल झालेले ड्रायव्हर, आणि गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंना इतका बाहेर आलेला की जाताना अंगाला घासेल. डांबराच्या कडेला साइडपट्टी म्हणतात तेवढी खडी. त्या खडीवर पळावं तर पाय मुरगळतो आणि डांबरावर पळावं तर गाडी येते. मुलगी डांबराच्या अगदी काठाने पळायची, एक पाय पांढऱ्या पट्टीच्या आत, एक बाहेर.

मिस्टरांनी टेम्पोला लावतात ती रेडियमची पट्टी आणून दिली. उजेड पडला की चमकते ती. मी ती तिच्या टी-शर्टला पुढून-मागून शिवली. मशीनची सुई मोडली, मग हाताने टाके घातले. तेवढंच मला करता येण्यासारखं होतं, म्हणून मी ते फार मन लावून केलं.

मग डावी-उजवीचं भांडण सुरू झालं. ती भरतीच्या तयारीला ज्या अकॅडमीत जायची तिथल्या सरांनी तिला सांगितलं होतं, उजव्या बाजूने पळायचं, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. थोरल्या दिरांना हे अजिबात पटलं नाही. "आमी शाळंत शिकलो, रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालावं," असं ते त्यांच्या ओट्यावर उभं राहून तिला रोज सांगायचे. रस्त्यावरचेही सांगायचे. मोटारसायकलवाले हॉर्न वाजवून हात करायचे, पलीकडे जा पलीकडे. ती हसून सोडून द्यायची. मला हसू यायचं नाही. दोन्ही बाजूंची मला सारखीच भीती वाटायची.

तिला एकटं सोडवेना म्हणून मी स्कूटी घेऊन मागे जायला लागले. चाळिशी ओलांडल्यावर शिकलेली गाडी, कोल्हारला जाऊन अस्तर-बटणं आणण्यापुरती. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की ती उजवीकडून पळणार म्हणजे मी तिच्या मागे राहूच शकत नाही. स्कूटी उजव्या कडेने घातली तर समोरून येणारा मलाच उडवणार. म्हणून मी डावीकडे, ती उजवीकडे, आणि आमच्या दोघींच्या मध्ये सगळा रस्ता. आई म्हणून मी तिच्या बरोबर होते, आणि तिच्यापर्यंत माझा हात पोचत नव्हता. मध्ये गाड्या यायच्या, त्या गेल्या की ती दिसायची, पुन्हा गाडी यायची. ओरडून काही सांगावं तर ऐकू जायचं नाही. घरी आल्यावर ती चिडवायची, "मम्मी, तू बंदोबस्ताला होतीस की काय?" मी म्हणायचे, "हो, व्हीआयपी येणार होता."

त्या सकाळी थंडी होती, अजून नीट उजाडलं नव्हतं. उसाच्या दोन ट्रॉल्या मागून आल्या, मला ओलांडून पुढे गेल्या आणि माझ्या आणि मुलीच्या मध्ये आल्या. मला पुढे नुसता ऊस दिसत होता. ट्रॅक्टर हळू चाललेला, ती पळतेय, त्यामुळे दोघं बराच वेळ बरोबरीने असणार हे मला समजत होतं. तेवढ्यात मागून एक मोठी गाडी आली. समोरून काही येत नाही असं बघून त्या गाडीने मला आणि ट्रॉल्यांना एकदम ओव्हरटेक करायला घेतलं. म्हणजे गाडी उजवीकडे गेली. म्हणजे माझी मुलगी जिकडे होती तिकडे, आणि तिच्या पाठीमागून.

मी हॉर्नवर अंगठा दाबून धरला. स्कूटीचा हॉर्न तो, त्याचा आवाज तो काय! गाडी उसाच्या आड गेली. मग टायर घासल्याचा आवाज आला आणि धूळ दिसली. ट्रॅक्टर चालतच होता, त्याला काही पत्ताच नव्हता, आणि ट्रॉल्या पुढे सरकेपर्यंत मला पलीकडचं काही दिसणार नव्हतं. तोपर्यंत मी काय केलं असेल? काहीच नाही. स्कूटीवर बसून राहिले. देवाचं नावसुद्धा तोंडात आलं नाही.

ट्रॉल्या गेल्या आणि ती दिसली, खाली रस्त्याकडेच्या चारीत, वेड्या बाभळीच्या बुडाशी बसलेली. उठत होती. तळहात सोलले होते, गुडघ्यावर पँट फाटली होती. "मम्मी, काही नाही झालं," ती आधीच म्हणाली. नंतर तिने सांगितलं की डांबरावर तिच्या पुढे एकदम तिचीच सावली पडली. त्या बाजूला उजेड समोरून यायला पाहिजे, मागून कसा आला, एवढंच तिच्या डोक्यात आलं आणि तिने उडी मारली.

गाडी पुढे जाऊन थांबली होती. एक तरुण माणूस उतरून पळत आला. चांगल्या घरातला दिसत होता. मागच्या सीटवर त्याची आई, बायको, झोपलेलं लेकरू.

"काकू, सॉरी, खरंच सॉरी. मला रस्ता मोकळा दिसला म्हणून काढली हो गाडी." तिच्या फाटलेल्या पँटकडे बघून तो म्हणाला, "दवाखान्यात नेऊ का? चला ना, बसा गाडीत."

मी त्याला द्यायच्या शिव्या रस्ता ओलांडून येता येता जमवल्या होत्या. माझ्या जिभेला हाड नाही असं माझ्या सासरी सगळे म्हणतात. पण तो हात जोडून उभा, त्याच्या आईने काच खाली करून पाण्याची बाटली पुढे केलेली, आणि माझी मुलगी त्याला म्हणतेय, "जाऊ द्या दादा, लागलं नाही फार." मला तिचाच राग आला. एवढं चांगलं वागायला हिला कुणी शिकवलं?

त्याची आई म्हणाली, "अहो, पण एवढ्या गाड्यांच्या रस्त्यावर पोरीला कशाला पळवता? गावात शेतं असतील, पायवाटा असतील."

"पायवाटेला बिबट्या आहे," मी म्हणाले. हात करून दाखवलं. "हा सगळा ऊस दिसतो ना, यात."

त्या बाईंनी काच वर घेतली. त्या माणसाने उसाकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग पुन्हा उसाकडे. "इथे? म्हणजे रस्त्याच्या एवढ्या जवळ?" तो म्हणाला आणि दोन पावलं मागे सरला. मग पुन्हा एकदा सॉरी म्हणून जवळजवळ पळतच गाडीत जाऊन बसला. गाडी निघूनही गेली. माझी मुलगी त्याच्या चाकाखाली येता येता राहिली होती, आणि तो माणूस घाबरला बिबट्याला. मला हसावं की रडावं कळेना. मी तिच्या पाठीवरची माती झटकत राहिले.

घरी आलो तेव्हा मिस्टर ओट्यावर चहा पीत होते. टेम्पो दारात उभा, बॉनेट अजून गरम. मी सगळं सांगितलं, रस्त्यावर राहून गेलेल्या शिव्यांसकट. मला वाटलं, आता हे पेटतील. यांना रस्त्यावर कुणी कट मारला तर पुढच्या टोलपर्यंत त्याचा उद्धार चाललेला असतो. पण यांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "रातभर चालवत आला आसंल."

"मग? म्हणून काय झालं?"

"तसं न्हाई. त्या टायमाला डोळं उघडं आसत्यात गं, पन बघत न्हाईत. रस्ता मोकळा हाय आसंच वाटत ऱ्हातं. मानूस घाईला आल्याला आसतो, पाय दाबला जातो."

मुलगी बादलीजवळ बसून हातातली खडी काढत होती. मान वर न करता तिने विचारलं, "पप्पा, त्या गाडीत तुम्ही असता तर तुम्हाला दिसले असते का मी?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"रेडियम दिसलं आसतं," ते म्हणाले. "पन त्यो खांब हाय का मानूस हाय, हे कळूस्तवर गाडी तितं जाती."

"म्हणजे नाही."

"न्हाई," ते म्हणाले.

ते खोटं बोलू शकले असते. पोरीला कुणी एवढं खरं सांगतं का? मी त्यांच्यावर ओरडणार होते, पण ते मान खाली घालून बसले होते, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. मुलीने हात धुतले, हळद लावून घेतली आणि आत गेली. ते त्या दिवशी झोपले नाहीत, नुसते पडून राहिले. दुपारी फोन आला, कोबी भरायचा होता, आणि ते गेले. न झोपता जाऊ नका असं मी म्हणाले. "माल वाट बगत न्हाई," असं म्हणून त्यांनी टेम्पो काढला. त्या रात्री मी दोघांच्याही काळजीने जागी होते. उद्या पहाटे या रस्त्याने डोळे उघडे ठेवून, काही न बघता कोण येईल, आणि त्याच्यापुढे कुणाची लेक असेल, याचा विचार डोक्यातून जाईना.

गुडघा बरा होईपर्यंत ती घरी होती. आता हिचं पळणं आपोआप सुटेल अशी मला आशा वाटली, आणि लगेच लाजही वाटली. मग भरतीची जाहिरात निघाल्याचं तिच्या मोबाईलवर आलं. दुसऱ्या दिवशी जाग आली तर ती अंधारातच दाराजवळ बसून बुटाची नाडी बांधत होती.

मी उठून बसले. जाऊ नको हे शब्द माझ्या तोंडात आले होते. मी म्हणाले असते तर ती थांबलीही असती, माझं ती ऐकते. नाडी बांधून तिने माझ्याकडे पाहिलं. जाऊ नको म्हटलं की ती विचारणार, मग कुठे पळू? तिने ते विचारू नये म्हणून मीच उठले आणि दाराची कडी काढली.