स्वच्छ पाण्याची टाकी

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नळाखाली बादली लावत होते. पुतण्या एवढंच म्हणाला, "काकू, आई गेली." बादली भरून वाहू लागली तरी नळ बंद करायचं सुचलं नाही. जन्मभर जाऊ म्हणून जिच्याशी भांडले, तिच्यामागे आता भांडायलाही त्राण उरलेलं नाही...

भिलाईत मरोद्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघी जावा एकत्र राहायचो. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं. नवरे पोलादाच्या प्लांटमध्ये, आणि शैलाताई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. कुठल्या नाल्याचं पाणी किती विषारी, हे ती त्यात मासे सोडून तपासायची. त्यामुळे आमच्याकडे नळाची पहिली बादली माशांची! पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून ती दिवसभर उघडी ठेवायची, आणि मी धुणं घेऊन ताटकळत बसायचे. "माशांशीच लग्न लावायचं होतं," मी चिडून म्हणायचे. "त्याहीनं मले पसंत नसतं केलं वं," ती हसायची.

एका उन्हाळ्यात कुम्हारीच्या पलीकडून बिसाहू नावाचा मासेमार आला. एका छोट्या कारखान्याचा नाला त्याच्या गावच्या तळ्यात यायचा, आणि मासे मरून वर येत होते. नाल्यानंच मरतात असं सिद्ध करा, मग बंद करतो, असं सरकारी साहेबानं त्याला सांगितलं होतं. सुट्टीमुळे कॉलेजला कुलूप, म्हणून काचेच्या टाक्या आमच्या व्हरांड्यात आल्या. बाकी टाक्यांत नाल्याचं पाणी कमीजास्त मिसळलेलं, एका टाकीत निव्वळ स्वच्छ. या स्वच्छ पाण्यातले मासे जगलेच पाहिजेत. ते मेले तर सगळी तपासणी बाद, कारण मग बाकीचे कशानं मेले ते कोण सांगणार? आणि तपासणी संपेपर्यंत माशांना खायला घालायचं नाही.

इथंच घोडं अडलं. सासूबाई माहेरी असल्यापासून माशांना कणकेच्या गोळ्या घालणाऱ्या. "मरनाराले उपाशी कावून मारतं वं शैला?" त्या कळवळून म्हणाल्या. "आई, खाऊ घातलं का पानी नासते," शैलाताईनं समजावलं. सासूबाईंनी मान डोलावली, आणि एका दुपारी आम्ही लवंडल्याचं पाहून सगळ्या टाक्यांत मुठीमुठीनं कणीक टाकली. संध्याकाळी पाणी गढूळ, आंबूस. स्वच्छ टाकीतले मासेसुद्धा उलटे तरंगत होते.

सासूबाई पदरात तोंड घालून रडू लागल्या. शैलाताई त्यांना एका शब्दानं बोलली नाही. "माह्यच चुकलं. जाळी झाकाले पायजे होती," एवढंच.

मी मात्र गप्प बसले नाही. "लिहून टाक ना, त्या टाकीतले जगले म्हणून! नाल्यानं तर मारलेच असते."

"मारलेच असते, मले मालूम आहे. पन मी पाह्यलं का?"

तिनं तपासणी बाद म्हणून कळवलं. पुन्हा मांडामांड करेपर्यंत पाऊस लागला, नाला दुथडी भरून वाहू लागला, आणि पावसानं पातळ झालेल्या त्या पाण्यात सगळे मासे मजेत जगले. पाणी ठीक आहे, असा शेरा मारून साहेब मोकळा झाला. बिसाहू व्हरांड्याच्या पायरीवर उभा राहिला. "मछरी तो मरे रिहिस न, बाई?" मासे तर मेले होते ना, असं त्यानं विचारलं. शैलाताई "हो" म्हणाली. तो गेला. पुढे तळंही सुटलं त्याचं. पावर हाउस स्टेशनवर हमाली करतो असं कानावर आलं.

"तुझ्या खरेपणानं त्याचं तळं गेलं," मी एकदा रागात बोलून गेले. "एक डाव खोटं लिवलं का मग माह्यं खरं कोन मानते?" ती म्हणाली. पण त्यानंतर तिनं बैठकीत स्वच्छ पाण्याची एक टाकी मांडली ती कायमची. रोज पाणी बदलायची, मग कणकेची एकच गोळी टाकायची. आजारपणात अधूनमधून विचारायची, "बिसाहू येते का गं कधी?" काय सांगणार... कपाळ?

तेरवीला तो आला. पार म्हातारा झालेला. फोटोकडे गेलाच नाही, टाकीपाशी उभा राहिला. बराच वेळ पाहून म्हणाला, "बाई के मछरी मन जियत हें." बाईंचे मासे जगताहेत.

इतकी वर्षं कुठं होतास रे, असं ओरडावंसं वाटलं मला. माशांसाठी उघडी ठेवलेली बादली उचलू लागले तर त्यानं दुसऱ्या बाजूनं हात लावला.