बिनचाकाचं विमान आणि उत्तमसिंगचा जावई

सेवादास राठोड हवाई दलात होता म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गॉगल लावलेला, मिशीला पीळ दिलेला गडी उभा राहतो. तसलं काही नाही हो! सेवादास विमानाची चाकं बदलायचा. टायर झिजलं की काढायचं, नवं बसवायचं, ब्रेक तपासायचे, हात पुसायचे. पण कळंबपलीकडच्या त्याच्या तांड्यातून एवढ्या लांब नोकरीला गेलेला तो पहिलाच. त्यामुळे सुट्टीत आला की असा छाती काढून चालायचा की समोरून येणाऱ्या म्हशीनंही वाट सोडावी.

पुढे जन्मभर त्याला लोक ‘बिनचाक्या’ म्हणाले, ते या छातीमुळेच.

१९५७ साली त्याचं लग्न ठरलं. नवरी चंदाबाई, लोहाऱ्याकडच्या तांड्यातल्या उत्तमसिंगची लेक. सोयरीक पक्की झाल्याचा गूळ वाटून झाला. त्या काळी तांड्याची रीत अशी की नवरदेवानं सासरच्या तांड्यात आधीपासूनच मुक्काम टाकायचा आणि तिथल्या बायांनी त्याची यथेच्छ थट्टा करायची. थट्टेची पुढारी होती रुपीबाई, नवरीची काकू. या बाईच्या जिभेला देव हाड द्यायला विसरला होता.

“जवाईबापू, तुमी विमान चालवता म्हन्तेत?”

“नाही. त्याची चाकं बसवतो.”

“अगं माय! म्हंजे आमच्या गावच्या सुताराचंच काम!”

बाया खिदळल्या. घुंगटाआड चंदाबाईचे खांदेही हलले. सेवादासला ते बरोब्बर झोंबलं. आता गप्प बसावं की नाही? पण नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“सुतार कायले?” तो ताठ झाला. “आमचं तूफानी विमान खास फ्रान्समधून आलेलं हाये. त्याच्यासंगं आलेल्या फ्रेंच फिटरांसोबत चहा पेलो मी!”

मग त्यानं फ्रान्स सुरू केलं. मोठ्या लढाईत जर्मनांनी त्या देशाचे कारखाने बळकावले होते. लढाई संपल्यावर तिथल्या कारागिरांना वाटलं, आपण मागं पडलो, आता जगात कुणी केलं नाही असं काहीतरी करू. ज्याला जे सुचलं ते त्यानं उडवून पाहिलं. एका विमानाचं इंजिन तर जमिनीवर चालूच होत नसे. मग ते दुसऱ्या मोठ्या विमानाच्या पाठीवर लादून वर न्यायचे आणि आभाळात सोडायचे.

बाजेवर बसलेला उत्तमसिंग खूश झाला. त्याच्या आजानं बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूख पालथा घातला होता. “हे बराबर हाये. वझं पाठीवरच पायजे,” तो म्हणाला.

सासरा खूश झाला तिथेच जावयानं थांबायचं. पण नाही. सेवादासची गाडी उताराला लागली होती. तो म्हणाला, “अन् एक तं बिनचाकाचं केलं! लढाईत दुश्मन आधी धावपट्टीवर बाँब टाकते नं? म्हनून यानले धावपट्टीच नको. विमान एका गाडीवर ठेवतेत, गाडी पळते, विमान गाडी सोडून वर जाते. उतराले कोनतंही गवताचं मैदान. पोटावर घसरत येते अन् थांबते. चाकाची भानगडच नाही!”

उत्तमसिंगचा चेहरा पडला.

“चाकच नाही?”

“नाही म्हन्तो नं!” सेवादास अजून रंगातच.

“मंग तुमी काय बसवसान?”

सेवादासच्या तोंडचं पाणी पळालं.

“जवाईबापू, आमच्या आजाकडं दोनशे बैल होते,” उत्तमसिंग सावकाश म्हणाला. “चाकावरची रेल आली अन् आमची बैलावर माल लादाची लदेनी बुडाली. चाक आलं तव्हा आमचं पोट गेलं. आता चाक गेलं तं तुमचं जाईन. उपाशी घरात पोट्टी देऊ काय मी? हळद थांबवा.”

“मामाजी, आमच्या तूफानीले तीन-तीन चाकं हायेत!”

“आमच्याबी बैलांवर गोन्या होत्याच की.”

सेवादास बाभळीखाली जाऊन बसला. त्याला चंदाबाई मनापासून आवडली होती. हसताना हललेले ते खांदे त्याच्या डोळ्यांपुढून जाईनात, आणि असं सोन्यासारखं जमलेलं लग्न आपण आपल्याच तोंडानं मोडलं म्हणून त्याला रडू यायचंच बाकी होतं.

सकाळी रुपीबाई आली. आज ती थट्टा करत नव्हती. उत्तमसिंगला ऐकू जाईल अशा बेतानं तिनं विचारलं, “आमची पोट्टी पुसून राह्यली, थे विमान दूर गवतात उतरलं, मंग पुन्हा उडाचं तं गाडी कुठून आनतेत?”

“मागून. ओढत न्यावी लागते,” सेवादास मलूल आवाजात म्हणाला. “फिटर तं असंच सांगत होता.”

बाजेवर हालचाल झाली. “म्हंजे विमान म्होरं अन् गाडी मागून?”

“हो.”

उत्तमसिंग इतका हसला की पागोटं सुटलं. “अरे, हे तं वरातीमागून घोडं झालं! जनावर मुक्कामाले अन् पाठीवरचं सामान मागल्या गावी, असा तांडा सकाळी हालनार कसा? नाही चालत हे फ्रान्सवाल्याचं. हळद आना!”

म्हातारा चुकला नव्हता. सुट्टी संपवून परतल्यावर सेवादासनं आधी फ्रेंच फिटरलाच गाठलं. त्यानं सांगितलं, चार-पाच नग बनवून फ्रान्सनं ते विमान कधीच बाजूला टाकलं होतं. त्याच वर्षी तळावर मिस्टेर नावाचं नवं फ्रेंच विमान आलं, तर या गड्यानं इंजिन नाही पाहिलं, तोफा नाही पाहिल्या. खाली वाकून आधी चाकं मोजली!

पण ते नंतरचं. लग्न लागलं. पाठवणीला रीतीप्रमाणे चंदाबाई सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहिली आणि माहेराच्या निरोपाचं गाणं गळा काढून गायली. उत्तमसिंगनं बैलाचं दावं जावयाच्या हातात दिलं. “ठेवा घरी. फ्रान्सवाल्याचा भरोसा नाही,” म्हणाला, आणि लोक हसत असताना पागोट्याच्या शेवात तोंड घालून रडला.

सुट्टीचे दिवस भरले. तळावर बायकोला ठेवायला जागा नव्हती. सेवादास पेटी उचलून निघाला तेव्हा दाराशी उभी चंदाबाई घुंगटातून म्हणाली, “तुमी तं उडून चालले. गाडी मागून कधी नेसान?”

बडबड्या सेवादास दर दहा पावलांवर मागं वळून बघत गेला.

तळावर त्यानं साहेबामागं असा लकडा लावला की साहेब त्याला पाहून रस्ता बदलायचा. दिवाळीनंतर क्वार्टर मिळालं. चंदाबाई तेव्हा माहेरी होती. सेवादास थेट तिथेच उतरला. बाजेवरून उत्तमसिंगनं हाक दिली, “काय जवाईबापू, गाडी न्याले आले?”

“हो मामाजी,” सेवादास म्हणाला. “तिच्याबिगर उडता येत नाही.”