फोन आडवा केला की

पिकांच्या नुकसानीची बातमी करायला मी गेलो, तेव्हा नांदगाव खंडेश्वरजवळच्या एका बांधावर एक बाई एकटीच होती. सडलेल्या सोयाबीनचा फोटो नुकसानभरपाईच्या ॲपवर टाकायची मुदत त्याच दिवशी संपत होती. पदरानं फोनची काच पुसून ती सगळी माहिती भरायची, फोटोसाठी फोन आडवा करायची, की भरलेलं सगळं गायब.

"मावशी, उभाच धरा," मी म्हणालो.

"उभ्यात अर्धंच वावर येते, भाऊ. मंग नुकसानबी अर्धंच लिहतीन."

ॲप बनवणाऱ्यांनी फोन एकदा आडवा करून पाहिला असता, तर तिचा दिवस वाचला असता. तेवढीही तसदी कोणी घेतली नाही.

ऊन कलल्यावर तिनं फोन उभा धरला आणि अर्ध्याच शेताचा फोटो पाठवला. मग राहिलेल्या बाजूला हात करून म्हणाली, "हे तुमी तरी पाहून घ्या. इकडे कोणी येत नाही."