अजबखान्यातला सोमाजी

माझी चुलती सोनीबाई आयुष्यात एकदाच पुण्याला गेली, तीही नवऱ्याला परत आणायला. नवरा मेलेला होता, आणि हे तिला माहीत होतं.

सोमाजीनाना, म्हणजे तिचा नवरा, इंग्रजांच्या लढाईत फौजेची खेचरं हाकायला समुद्रापार बसऱ्याला गेले आणि तिकडेच संपले. सरकारी कागद आला, माणूस आला नाही. आमच्या डोंगरात मेलेल्याचा टाक करतात. पत्र्यावर ठोकलेली ती बोटभर मूर्ती देव्हाऱ्यात बसली की मेलेला घरचा होतो. नानांचा टाक तीनदा बसवला आणि तीनदा उपडा पडला. शिवाय रोज दिवेलागणीला दाराबाहेर त्यांचं खाकरणं ऐकू यायचं. मी भगवंता, घोडेगावच्या शाळेत मास्तर, चार बुकं शिकलेला; पण खोटं कशाला बोलू, मीही ऐकलंय. काकी उठून दार उघडायची. बाहेर कोणी नसायचं.

भगत म्हणाला, "त्याची मूर्त दुसरीकडं बसलीया. तिथनं उठवल्याबिगार हितं बसायचा न्हाई."

ती कुठली मूर्त, हे मला लगेच कळलं. कारण ती मूर्त बसवायला मीच हातभार लावला होता. आठ वर्षांपूर्वी पुण्याच्या अजबखान्याचा एक साहेब पुतळ्यांसाठी डोंगरी माणसांचे चेहरे साच्यात उतरवून घ्यायला आला, तेव्हा दुभाषा मी होतो. नाकात दोन नळ्या खुपसून नानांच्या तोंडावर ओला गिलावा थापायचा होता. नाना मागे सरले. जित्या माणसाची मूर्त करू नये, म्हणाले. "काही होत नाही, नाना," मी म्हणालो. मोठा शहाणा मी!

दोन दिवस चालून आम्ही पुणं गाठलं. अजबखान्यात मडकी, जाळी, भाले, आणि कोपऱ्यात नाना उभे. कमरेला लंगोटी, हातात कोयता. डोळे काचेचे, भलत्याच कुणाचे. पण गालावरचे देवीचे व्रण न् व्रण त्यांचेच. शेजारी लुगडं नेसवलेली मातीची एक बाई होती. काकी आधी तिच्याकडेच बघत राहिली.

"ही कोण, भगवंता?"

"कोणी नाही, काकी. जोडी दिसावी म्हणून केलीय."

"पाटीवर नाव काय लिवलंय?"

पाटीवर 'डोंगरी लोक, पुरुष व स्त्री' एवढंच होतं. "सोमाजी," मी सांगितलं.

तिने पदराची गाठ सोडली. तांदळाचे दोन दाणे पाण्यात भिजवून नानांच्या छातीवर चिकटवले, एक उजवीकडे, एक डावीकडे. देवाला कौल लावतात तसा. उजवा आधी पडला तर नाना घरी येणार, डावा पडला तर इथेच राहणार. "चला आता घरला," ती त्यांना म्हणाली आणि समोर फरशीवर बसली.

दुपार टळली. कोरड्या मातीने पाणी पिऊन टाकलं आणि दाणे घट्ट बसले. येणारे लोक आम्हालाही तसंच निरखून पुढे जात होते. मला लाज वाटली, मग राग आला, आणि शेवटी नुसती भीती वाटू लागली.

संध्याकाळी तिथला शिपाई चांदभाई फडकं घेऊन आला. "उठा बाई, बंद करायचंय," म्हणत त्याने रोजच्यासारखी नानांची छाती पुसली. डावा दाणा आधी पडला.

"काकी, फडक्यानं पडला तो. ह्याला कौल म्हणत नाहीत."

"देव कुणाच्या तरी हातानंच देतो," ती म्हणाली.

मग ती त्या मातीच्या बाईपुढे जाऊन उभी राहिली. आता सवतीसारखी कडाडणार असं मला वाटलं. तिने त्या बाईचा घसरलेला पदर सारखा केला.

"बाई," ती हळूच म्हणाली, "ह्यांचं गुडघं लई दुखत्यात. लोक गेलं का बसवत जा."