सात हजार दोनशे सेकंद

मी तशी तापट. माझ्या प्रोग्रामला कुणी नावं ठेवली की डोकंच फिरतं. सिंदीच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यासाठी मी नुकताच प्रोग्राम बसवला होता. त्यामुळे तिथल्या मालकांचा तक्रारीचा फोन आला तेव्हा मी वर्ध्यात बसल्या जागी सांगून टाकलं, प्रोग्राम ठणठणीत आहे, काट्यावरच्या माणसानंच काहीतरी घोळ घातला असेल.

झालं होतं असं, की जेवणाच्या सुट्टीनंतर कापसाची पहिली गाडी वजनकाट्यावर चढली आणि तिच्या पावतीवर सुट्टीआधीच्या शेवटच्या गाडीइतकंच वजन निघालं. अगदी किलोला किलो. शेतकरी भडकला, आणि बरोबरच भडकला. काट्यावर जे काका बसत, ते माझ्या जन्माआधीपासून तिथं होते. माझं बोलणं ऐकून मालकांनी त्यांच्याकडून काट्याच्या खोलीची किल्ली काढून घेतली आणि त्यांना गेटवर बसवलं.

दुसऱ्या दिवशी मी सिंदीला पोचले, तर काका गेटवरच होते. त्यांनी रागाचा एक शब्द काढला नाही, चहा झाला का एवढंच विचारलं. मला मान वर करवेना.

दुपारी सगळे जेवायला उठले आणि शेवटची गाडी काट्यावरून उतरायच्या आतच कुणीतरी मेन स्विच पाडला. मी का म्हणून विचारलं तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले. कापसाला आगीची भीती, म्हणून जेवायला जाताना स्विच पाडायचाच, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी शहाणी, विचारलंही नव्हतं. काटा बंद पडला. काट्याच्या खोलीतला कॉम्प्युटर मात्र इन्व्हर्टरवर चालूच, आणि स्क्रीनवर शेवटच्या गाडीचं वजन तसंच झळकत होतं.

काट्याच्या डब्यातून वजन तारेनं माझ्या प्रोग्रामकडे येतं. प्रोग्रामचं त्या तारेवरचं टोक म्हणजे सॉकेट. पलीकडचा डबा निरोप न देता बंद पडला, तर अलीकडे काही कळत नाही; डबा पुन्हा सुरू झाला तरी प्रोग्राम जुनी तुटलेली जोडणीच धरून जुनाच आकडा दाखवत बसतो. म्हणून सॉकेटवर एक ऑप्शन लावतात, की पलीकडून बराच वेळ काही आलं नाही तर ‘आहेस का’ म्हणून विचारायचं. तो मी मोठ्या रुबाबात लावला होता. पण बराच वेळ म्हणजे किती, ते वाचून बघायची एक ओळ लिहायला हवी होती, ती कधी लिहिलीच नव्हती. आता लिहिली. उत्तर आलं, सात हजार दोनशे सेकंद. म्हणजे दोन तास! आणि जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची.

मी तडक मालकांकडे गेले. काकांनाही गेटवरून बोलावून घेतलं.

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. “काकांनी स्क्रीनवर दिसलं तेच लिहिलं.”

मालक म्हणाले, दाखवा. मी दोन तासांच्या जागी पाच सेकंद लावले, मग दोन-दोन सेकंदांनी तीनदा विचारायचं आणि तरी उत्तर नाही आलं तर काटा बंद समजायचं असं ठरवलं, आणि या वेळी प्रत्येक आकडा परत वाचून घेतला. स्विच वर करून एक गाडी काट्यावर घेतली, वजन स्क्रीनवर आलं. मग स्विच पाडायला मी काकांनाच सांगितलं. त्यांनी तो पाडला आणि मोठ्यानं मोजू लागले. दहापर्यंत स्क्रीनवरचा आकडा जागचा हलला नाही. अकरा म्हणताच आकडा गेला आणि तिथं ‘काटा बंद’ असं आलं.

मालकांनी खिशातून किल्ली काढली आणि काकांच्या हातात दिली. काकांनी ती हातातच धरून ठेवली. माझे डोळे भरून आले, ते मी लपवलेही नाहीत.

काकांनी आपला जेवणाचा डबा उघडला आणि शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

“बस पोरी, जेवून घे,” ते म्हणाले. “आन् पुढच्या वेळी काही बसवशीन, तं पयले मले विचारत जाजो.”